घोरण्याच्या मशीनवरचे आकडे कसे वाचावेत?

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर मी नेहमी लागण, खोडवा, खत आणि पाणी यांविषयी लिहीत असतो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे. पण त्यातही दाब आहे, गळती आहे आणि फिल्टर आहे, त्यामुळे तो आपल्याला अगदीच परका वाटणार नाही.

झाले असे. गेल्या महिन्यात आपले एक जुने सभासद गट ऑफिसला आले. ऊसनोंदीचे काम झाले तरी उठेनात. मग पिशवीतून हळूच एक मशीन काढून त्यांनी टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "साहेब, हे जरा बघा. डॉक्टरांनी माझं १२ वर लावलंय आन् आमच्या जावयाचं ८ वर. म्हंजे माझं दुखणं दीडपट हाय का?"

ते माझ्याकडे आले, कारण मी स्वतः गेली तीन वर्षे हेच मशीन लावून झोपतो. हंगामात गटावर मुक्काम असला की माझ्याबरोबर ती काळी पिशवी असतेच. मी डॉक्टर नाही, शेतकी पदविका झालेला माणूस आहे. तरी रोजच्या वापरातून आणि माझ्या डॉक्टरांना विचारून विचारून जे समजले, ते येथे सांगतो. तात्यांच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो : नाही. मशीनचा दाब हे दुखण्याचे माप नव्हे. आता का ते पाहू.

दुखणे काय आहे?

भीमेच्या काठी किंवा उजनीच्या पाण्यावर ज्यांच्या मोटारी आहेत, त्यांना हे चटकन कळेल. मोटारीच्या सक्शनला आपण कडक, रिंगांचा पाईप लावतो. तेथे गुंडाळी होणारा मऊ पाईप लावला तर काय होईल? मोटार पाणी ओढू लागली की पाईप आतल्या आत चपटा होऊन चिकटेल आणि पाणी बंद. तोच मऊ पाईप डिलिव्हरीला लावला तर फुगून उघडा राहतो, कारण तेथे आतून दाब असतो.

आपला घसा हा असाच मऊ पाईप आहे. जागेपणी त्याचे स्नायू ताठ असतात. झोपेत ते सैल पडतात. काहींचा घसा मुळात अरुंद असतो, काहींच्या गळ्याभोवती चरबी असते, काहींची जीभ उताणे झोपल्यावर मागे पडते. अशा माणसाने झोपेत श्वास आत ओढला की घसा चिकटतो. अर्धवट चिकटला की घोरणे, पूर्ण चिकटला की श्वास बंद. छाती हलते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, मोठा घुरका येतो आणि श्वास सुरू होतो. माणसाला यातले काही आठवत नाही. रात्री असे शेकडो वेळा झाले, तर आठ तास अंथरुणावर पडूनही त्याची झोप होत नाही. यालाच झोपेतील श्वासरोध, इंग्रजीत स्लीप ॲप्निया म्हणतात.

हे शहरी चोचले आहेत असे कोणी समजू नये, आणि फार दुर्मिळ आहे असेही समजू नये. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ साली प्रसिद्ध केली. तीत १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वेळा अडत होता आणि ७.५ टक्के पुरुषांना त्याबरोबर दिवसा झोप येण्याचा त्रासही होता. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचे नाव घेतले होते. रक्तदाब आणि हृदयविकार यांच्याशीही याचा जवळचा संबंध आहे.

माझे सांगतो. घरची मंडळी दोन वर्षे सांगत होती की तुमचा श्वास रात्री थांबतो. मी हसण्यावारी नेले. मग एका हंगामात दुपारी तीनच्या सुमारास प्लॉट पाहून मोटारसायकलवरून परत येताना, सरळ रस्त्यावर, उघड्या डोळ्यांनी मला झोप लागली. गाडी रस्ता सोडून शेजारच्या नांगरटीत गेली म्हणून आज हा लेख लिहितो आहे. मिनिटभर आधी समोरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन गेला होता. त्यानंतर मी तपासणी करून घेतली. तासाला ३४ वेळा श्वास अडत होता.

दाब म्हणजे नेमका किती?

हे मशीन ऑक्सिजन देत नाही. खोलीतलीच हवा गाळून, थोड्या दाबाने नाकावाटे घशात सोडते. म्हणजे सक्शनच्या मऊ पाईपला आतून टेकू देते. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील डॉ. कॉलिन सुलिव्हान यांनी ही पद्धत शोधली आणि १९८१ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यांनी सुरुवातीला व्हॅक्यूम क्लीनरची मोटार वापरली होती. पाच रोग्यांवर ४.५ ते १० एवढ्या दाबात त्यांना गुण आला. आजची मशीन साधारणपणे ४ ते २० या मर्यादेत चालतात.

हे ४, १०, २० म्हणजे काय? तर सेंटिमीटर पाणी. घरी करून बघा. बादलीत पाणी घ्या. एक स्वच्छ नळी १० सेंटिमीटर खोल बुडवा आणि वरून फुंका. खालच्या टोकातून बुडबुडे निघू लागले की समजा तुम्ही १० चा दाब दिला. एवढाच तो दाब.

आपल्या ठिबकच्या गेजशी ताडून पाहा. गेज १ किलो दाखवतो तेव्हा तो १० मीटर, म्हणजे १००० सेंटिमीटर उंच पाण्याचा दाब असतो. मशीनचे १० हे त्याच्या शंभराव्या भागाएवढे झाले. त्यामुळे "एवढ्या दाबानं फुफ्फुस फाटंल का?" असे जे विचारले जाते, त्याची धास्ती बाळगू नये. मात्र फुफ्फुसाचा जुना आजार असेल किंवा डोक्याचे, नाकाचे ऑपरेशन झालेले असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. आणखी एक गोष्ट : या दाबाचा आणि रक्तदाबाच्या आकड्याचा काही संबंध नाही. दोन्हीला आपण 'दाब' म्हणतो म्हणून घोटाळा होतो.

दाब ठरतो कसा?

तपासणीच्या खोलीत रात्री रोगी झोपलेला असताना तंत्रज्ञ दाब थोडा थोडा वाढवत जातो. घसा उघडा राहून श्वास अडणे आणि घोरणे जेथे थांबते, तो दाब त्या माणसाचा. एकाचा घसा ८ ला उघडा राहतो, दुसऱ्याचा १२ ला. जावयाचा श्वास तासाला ५० वेळा अडत असेल तरी त्याला ८ पुरेल, आणि तात्यांचा २० वेळाच अडत असेल तरी त्यांना १२ लागेल. दोन शेतांना वेगळा दाब लागतो तो चढ-उतार आणि पाईपच्या लांबीमुळे. त्यावरून कोणाचा ऊस चांगला हे ठरत नाही.

मशीनवर डॉक्टर ज्या गोष्टी लावून देतात त्या अशा :

१) स्थिर दाब — रात्रभर एकच आकडा, उदा. १०.

२) ऑटो — किमान आणि कमाल असे दोन आकडे, उदा. ६ ते १२. घसा आवळू लागला की मशीन स्वतः दाब वाढवते, मोकळा झाला की उतरवते. उताणे झोपल्यावर बहुधा जास्त लागतो, कुशीवर कमी.

३) दुहेरी दाब — श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी. हे वेगळे मशीन असते आणि ठरावीक रोग्यांनाच देतात.

४) रॅम्प — झोप लागेपर्यंत कमी दाब ठेवून हळूहळू वाढवणे. मोटार चालू करताना आपण व्हॉल्व्ह सावकाश उघडतो, तसेच.

५) श्वास सोडतानाची सवलत — यावर १, २, ३ असे आकडे असतात. श्वास सोडताना दाब तेवढा उतरतो, म्हणजे जोर लागत नाही.

यातला रॅम्प बहुतेक मशीनवर आपला आपल्याला बदलता येतो. दाब मात्र बदलू नये. ते का, हे माझ्याच अनुभवावरून पुढे सांगतो.

सकाळी दिसणारे आकडे

आतापर्यंतचे आकडे 'लावलेले' होते. सकाळी मशीनच्या पडद्यावर किंवा मोबाइलवर जे दिसतात, ते 'आलेले' आकडे. हा फरक ध्यानात ठेवला की निम्मे काम झाले. लावलेला आकडा म्हणजे आपण घातलेले खत-पाणी, आलेला आकडा म्हणजे वजनकाट्यावरचे टनेज.

वापराचे तास. सगळ्यात साधा आणि सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच. नोंदीसाठी रात्री किमान ४ तास ही रेघ पुष्कळ ठिकाणी धरतात, पण ती पास होण्याची रेघ समजू नये. पहाटेच्या झोपेत श्वास जास्त अडण्याचा संभव असतो, आणि नेमके पहाटे तीनला मास्क काढून ठेवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. दुपारच्या झोपेलाही मशीन लावावे.

गळती. मास्कच्या कडेने किंवा उघड्या तोंडातून किती हवा वाया गेली, ते लिटर दर मिनिटाने दाखवतात. काही मशीन नुसते हसरे किंवा रडके तोंड दाखवतात. दोन कंपन्यांच्या मशीनचे गळतीचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत, कारण एक कंपनी फक्त अनावश्यक गळती मोजते, तर दुसरी मुद्दाम ठेवलेली गळतीही त्यात धरते. ही मुद्दाम ठेवलेली गळती म्हणजे मास्कवरची बारीक छिद्रे. आपण सोडलेली अशुद्ध हवा त्यांतून बाहेर जाते. आवाज येतो म्हणून ती छिद्रे चिकटपट्टीने बुजवणे धोक्याचे आहे, हे घरात सर्वांना सांगून ठेवा.

एएचआय. मशीन चालू असताना दर तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा कमी पडला, त्याचा हा आकडा. किमान १० सेकंदांची अडचण मोजली जाते. तपासणीच्या वेळी ५ पेक्षा कमी म्हणजे ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र असे धरतात. दुखण्याचे माप पाहायचे तर ते हे, दाब नव्हे. मशीन लावल्यावर हा आकडा ५ च्या आत यावा अशी अपेक्षा असते. माझा ३४ वरून ३ च्या आसपास आला.

पण मशीनला आपण झोपलो की नुसते पडलो हे कळत नाही. ते हवेच्या चालीवरून अंदाज बांधते. म्हणून एका रात्री २ आणि दुसऱ्या रात्री ५ आले तर घाबरू नये. एका उसाच्या ब्रिक्सवरून आपण सगळ्या फडाला तोड देत नाही, चार ठिकाणचे नमुने घेतो. तसे येथे आठवड्याची, पंधरवड्याची सरासरी पाहावी.

९५ टक्क्यांचा दाब. ऑटो मशीनवर हा दिसतो आणि लोक यालाच सर्वांत जास्त घाबरतात. समजा तेथे ९.४ लिहिले आहे. अर्थ एवढाच की रात्रीच्या दर १०० मिनिटांपैकी ९५ मिनिटे दाब ९.४ किंवा त्याहून कमी होता. काही कंपन्या ९५ ऐवजी ९० टक्क्यांचा आकडा देतात. हा आकडा रोजच कमाल मर्यादेला टेकत असेल आणि एएचआयही वर असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

घसा उघडा, तरी श्वास नाही. काही मशीन हे प्रसंग वेगळे मोजतात. यात घसा चिकटलेला नसतो, श्वास घेण्याचा हुकूमच मेंदूकडून आलेला नसतो. अशा वेळी दाब वाढवून उपयोग होत नाही, उलट काहींमध्ये हे प्रसंग वाढतात. हा आकडा सतत वर दिसला तर घरी उपाय करू नये, डॉक्टरांकडे जावे.

माझी चूक

मशीन घेतल्यानंतरच्या पहिल्याच गळीत हंगामात माझा एएचआय ३ वरून ७ वर गेला. सकाळी पुन्हा डोके जड राहू लागले. माझा पुतण्या हुशार, त्याने मोबाइलवर बघून मशीनचा डॉक्टरांसाठीचा मेनू उघडला. मी म्हटले, दाब कमी पडत असेल, वाढव. ९ चा १३ केला.

पहिल्या रात्री मास्क फुसफुसू लागला आणि घरची मंडळी उठून बसली. दुसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखे फुगले, कारण हवा अन्ननलिकेत जात होती. तिसऱ्या दिवशी एएचआय ११. मला वाटले, अजून वाढवावा लागणार.

अखेर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी दाब पाहिलाच नाही, गळतीचा आकडा पाहिला. तो दोन महिने चढत होता आणि मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. फडातल्या धुळीने आणि पाचटाच्या धुराने नाक चोंदलेले. नाक बंद म्हणून तोंड उघडे, तोंड उघडे म्हणून हवा बाहेर. त्यात मास्कची गादी जुनी होऊन कडक झालेली. घशापर्यंत दाब पोहोचतच नव्हता. मी दाब वाढवला तशी गळती वाढली, आणि गळती वाढली तसा श्वास जास्त अडला.

बंधूंनो, मी गावोगावी तुम्हाला काय सांगत फिरतो? शेवटच्या लॅटरलला पाणी पोचत नसेल तर लगेच मोटारीचा दाब वाढवू नका. आधी फिल्टर धुवा, फुटलेली नळी शोधा, जोड तपासा. तीच चूक मी स्वतःच्या नाकावर केली. डॉक्टरांनी दाब परत ९ केला, नाकाला औषध दिले, गादी बदलायला लावली. आठवड्यात एएचआय ३ वर आला.

आकडा बिघडला तर क्रमाने पाहा

१) मशीन पुरे तास लावले होते का?

२) गळती वाढली आहे का? मास्कचे पट्टे, गादी, नळीला चीर. पट्टे फार आवळले तरीही गळती होते. चेहऱ्याचे तेल लागून गादी सुटते, म्हणून ती रोज पुसावी.

३) नाक चोंदले आहे का? तोंड उघडे राहते का? सकाळी घसा कोरडा पडला असेल तर तोंड उघडे राहिले असे समजावे.

४) फिल्टर. आपल्याकडची धूळ पाहता दर आठवड्याला बघावा. धुण्याचा असेल तर धुवून वाळवावा, फेकण्याचा असेल तर बदलावा, धुऊ नये.

५) रात्री दारू किंवा झोपेची गोळी घेतली होती का? दोन्हींनी घसा आणखी सैल पडतो. वजन वाढले आहे का, तेही पाहावे.

६) एवढे पाहूनही आठवडाभर आकडा ५ च्या वर राहिला, किंवा आकडा चांगला असूनही दिवसा झोप येत राहिली, तर डॉक्टर. दाब त्यांनीच बदलावा.

हवा ओलसर करणाऱ्या भांड्यात बोअरचे पाणी घालू नये. आपल्या पाण्यातील क्षारांनी ड्रीपरचे काय होते ते आपण जाणतोच. बाटलीबंद डिस्टिल्ड पाणी वापरावे आणि रोज बदलावे. वीज गेली आणि मशीन बंद पडले तर मास्क काढावा. रात्रीच्या भारनियमनाचा त्रास असेल तर इन्व्हर्टरची सोय विक्रेत्याला विचारून करावी. जुने मशीन स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये. फिलिप्स कंपनीने जून २०२१ मध्ये आतल्या फोमचा चुरा होतो म्हणून जगभरातून लाखो मशीन परत मागवली होती. शिवाय जुन्या मशीनवर दुसऱ्याचाच दाब लावलेला असतो.

शेवटी

तात्यांच्या मशीनवरचे तीस दिवसांचे आकडे आम्ही दोघांनी गट ऑफिसात पाहिले. दाब १२, एएचआय २, गळती ठीक. सगळे उत्तम. फक्त वापराचे तास दोन ! "१२ चा आकडा बघून भ्या वाटायचं, म्हणून काढून ठेवायचो," असे म्हणाले. म्हणजे औषध बरोबर होते, पण बाटलीचे बूचच उघडले जात नव्हते. परवा रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, आता सहा तास व्हतंय, आन् मळ्यात दुपारी झाडाखाली डोळा लागत न्हाई."

हंगाम जवळ आला आहे. रात्री दारे धरून दिवसा गाडी चालवणारे, ट्रॉल्या घेऊन रात्रभर वजनकाट्यापुढे नंबर लावून बसणारे आपल्यात शेकडो आहेत. त्यांच्यात कोणी मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास थांबत असेल, चालता-बोलता पेंगत असेल, तर त्याला चेष्टेत 'कुंभकर्ण' म्हणू नका, तपासणीला पाठवा. आणि ज्यांच्या घरी मशीन आहे पण कपाटात आहे, त्यांनी ते आज रात्री बाहेर काढावे. सकाळी आधी तास पाहावे, मग गळती, मग एएचआय. दाब डॉक्टरांवर सोडावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी